कापूस विकल्यावर घुमू लागलेला सबवूफर: जोडणी आणि जुळवणी

आपण दारव्हा तालुक्यातून पाठवलेल्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे पुढचे उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल. आपल्याकडे दोन चॅनेलचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच इंची वूफर असलेले दोन लहान स्पीकर आहेत. दिवाळीत आपण दहा इंची, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारी पेटी, घेतला. अ‍ॅम्प्लिफायरला 'सब आउट' (सबवूफर जोडण्याची खास जागा) नसल्यामुळे जोडून देणाऱ्याने तो मागच्या 'रेक आउट'ला जोडला. तेव्हापासून गाणे बंद असतानाही 'घूं' असा आवाज येतो. रात्री आवाज लहान केला की नुसता सबवूफर ऐकू येतो आणि दिवसा मोठा केला की तो कुठे हरवतो ते कळत नाही. तिसरी तक्रार आपल्याला सर्वांत जास्त छळते आहे: खोलीत कापूस भरलेला होता तोवर डग्गा गोड लागत होता, फेब्रुवारीत कापूस विकला आणि तेव्हापासून डग्ग्याचे काही बोल सगळ्या खोलीभर घुमतात. हा उन्हाळ्याचा परिणाम आहे का आणि मोठा सबवूफर घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

मोठा सबवूफर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी गेली सव्वीस वर्षे हिंगणघाटच्या आसपासच्या गावांत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतो व घरोघरी बसवून देतो. या काळात बेसच्या तक्रारीत पेटीचा दोष मला फार थोड्या वेळा सापडला. बहुतेक वेळा तो जोडणीत, पेटीच्या जागेत किंवा ऐकणाऱ्याच्या बसण्याच्या जागेत होता. आपल्याकडे तर हे तिन्ही दोष एकत्र आले आहेत, आणि तिन्ही जवळजवळ बिनखर्चाने दूर होण्यासारखे आहेत.

जोडणीपासून सुरुवात करू. 'रेक आउट' ही जागा कॅसेट रेकॉर्डरसाठी ठेवलेली असते. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी ऐकण्याचा आवाज कमीजास्त केला तरी कॅसेटवरचा आवाज बदलू नये, म्हणून तिथला सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधीच काढून घेतलेला असतो. त्यामुळे आपण नॉब कितीही फिरवला तरी सबवूफरला मिळणारा सिग्नल तेवढाच राहतो. रात्री स्पीकर हळू होतात, सबवूफर होत नाही. दिवसा स्पीकर वर चढतात, सबवूफर तिथेच राहतो. आपली दुसरी तक्रार एवढ्याने पूर्णपणे उलगडते.

आपल्या सबवूफरच्या मागे 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर इनपुट' असे लिहिलेल्या चार पिना आहेत, हे फोटोत दिसते. त्याच वापराव्यात. अ‍ॅम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनलना आपले स्पीकर जोडलेले आहेत, त्याच टर्मिनलवरून आणखी एक तार सबवूफरकडे न्यायची: डाव्याचा लाल डाव्या लालला, उजव्याचा लाल उजव्या लालला आणि तसेच काळे. या इनपुटचा रोध इतका मोठा असतो की अ‍ॅम्प्लिफायरला त्याचा भार जवळपास जाणवत नाही. म्हणून इथे जाड, महाग तार लागत नाही. साधी दोन पदरी तार पाच-सहा मीटर नेली तरी काही बिघडत नाही. या पद्धतीचा आणखी एक लाभ असा की स्पीकरला जो आवाज मिळतो, त्याच्याच व्हॉल्यूमने आणि त्याच रंगाने सबवूफरलाही मिळतो.

मात्र दोन गोष्टी जपाव्यात. तारा लावताना अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढून ठेवावा आणि तारेचा एकही सुटा केस शेजारच्या टर्मिनलला लागलेला नाही, हे उजेडात पाहून घ्यावे, कारण तेवढ्या एका केसाने आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळालेले मी पाहिले आहेत. दुसरे असे की काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, विशेषतः हल्लीच्या लहान डिजिटल बोर्डांमध्ये, काळे टर्मिनल चेसिसशी जोडलेले नसते; त्यावरही सिग्नल असतो. बंद केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे काळे टर्मिनल आणि आरसीए पिनेची ('रेक आउट'ला असते तशा गोल पिनेची) बाहेरची कडी यांच्यामध्ये मल्टिमीटरने रोध मोजावा. तो शून्याजवळ नसेल, किंवा डावे आणि उजवे काळे टर्मिनल एकमेकांशी जुळलेले नसेल, तर सबवूफरच्या पुस्तिकेत अशा अ‍ॅम्प्लिफायरबद्दल काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय काळ्या तारा जोडू नयेत. ज्यांच्या सबवूफरला हे इनपुटच नाही, त्यांनी गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारा 'हाय टू लो कन्व्हर्टर' मधे लावावा. डाव्या-उजव्या आउटपुटच्या दोन पिना एकत्र पिळून एक तार करण्याचा प्रकार मात्र करू नये. त्यात दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात.

आता घूं आवाजाबद्दल. सबवूफर चालू ठेवून त्याला येणाऱ्या सिग्नलच्या सर्व तारा काढाव्यात. आवाज तसाच राहिला तर दोष सबवूफरच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये आहे, आणि तो बहुधा थकलेल्या फिल्टर कॅपॅसिटरचा असतो. तारा काढताच आवाज थांबला, तर तो अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून तारांच्या वाटेने प्रवाह फिरतो आहे. कान तयार असेल तर हा फरक नुसत्या सुरावरूनही ओळखता येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची आहे; अर्थिंगच्या फेऱ्यातला आवाज प्रामुख्याने त्याच सुराचा असतो, तर कॅपॅसिटर थकल्यावर येणारा आवाज १०० हर्ट्झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक वरचा असतो.

अर्थिंगच्या फेऱ्यात गावाकडे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला दोषी म्हणजे छतावरच्या डिशची केबल. सेट टॉप बॉक्स अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असेल तर डिशची केबल क्षणभर काढून पाहावी. अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर आणि बॉक्स या तिघांचे प्लग एकाच बोर्डातून घ्यावेत. स्पीकर टर्मिनलवरून जोडणी केल्यावर आपला आवाज कदाचित आपोआपच जाईल, कारण आरसीए तारेचे लांब कवच त्या वाटेतून निघून जाते. पण आवाज घालवण्यासाठी थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो कृपा करून करू नये. त्या पिनेवर घरातल्या माणसांचा जीव असतो.

अर्थिंगबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या भागात ते वर्षभर सारखे राहत नाही. काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग उत्तम असते. एप्रिल-मे महिन्यांत त्याच जमिनीला भेगा पडतात, खड्ड्यातला पाइप मातीपासून सुटतो आणि रोध वाढतो. मीठ-कोळशाचा खड्डा केलेला असला तरी उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. बोर्डात फेज आणि न्यूट्रलमधला दाब (व्होल्टेज) जेवढा दिसतो, जवळपास तेवढाच फेज आणि अर्थमध्ये दिसला पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टपेक्षा फार जास्त दिसत असेल तर आधी वायरमनला बोलवावे, सबवूफरचे नंतर पाहता येईल. संध्याकाळी शेतातले पंप चालू असताना १७० पर्यंत उतरणारा आणि पंप बंद होताच २५० वर जाणारा दाब मी स्वतः मोजलेला आहे. म्हणून सबवूफरला त्याच्या पाटीवरील वॅटपेक्षा दीडपट क्षमतेचा स्टॅबिलायझर द्यावा आणि लाइन गेली की त्याचे बटण बंद करावे. लाइन परत येण्याच्या धक्क्याने शंकू जोरात बाहेर फेकला जातो.

आता मुख्य विषयाकडे वळतो, तो म्हणजे खोली. आपली बैठकीची खोली १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच असून, विटांच्या भिंतींची आणि स्लॅबची आहे. ध्वनीची लांब लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकली की ठरावीक सुरांना ती उभी राहते. ३० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. या वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागले की पहिला सूर मिळतो. आपल्या खोलीत लांबीमुळे सुमारे ३६ हर्ट्झ, रुंदीमुळे ४८ आणि उंचीमुळे ५७ हर्ट्झ येतात, आणि लांबीचाच दुसरा सूर ७२ हर्ट्झला येतो. डग्ग्याचा घुमारा, मनगटाच्या दाबाने वर-खाली सरकतो तो, साधारण याच ६० ते १०० हर्ट्झच्या टापूत फिरतो. काळी एकमध्ये जुळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. म्हणजे डग्ग्याचा हात सरकत सरकत ७२ च्या जवळ आला की खोली त्याच्यासोबत वाजू लागते आणि हात पुढे गेला तरी ती थांबत नाही. आपल्याला डग्ग्याचा घुमारा हवा आहे. ऐकू येतो आहे तो खोलीचा.

उन्हाळ्याचा यात दोष नाही. ४५ अंशांना ध्वनीचा वेग सुमारे ३५९ मीटर होतो आणि हिवाळ्यातल्या १२ अंशांना ३३९ च्या आसपास असतो, पण त्यामुळे ७२ हर्ट्झचा सूर तीन-चार हर्ट्झने इकडे-तिकडे होईल एवढेच. एवढ्याने गोड वाजणारा डग्गा असह्य होत नाही. खरे कारण कापूसच आहे, आणि ते दोन प्रकारे घडले आहे.

पहिला प्रकार आपल्या लक्षात आलेलाच असेल. मागच्या भिंतीला लागून छातीइतका उंच आणि चार फूट खोल कापूस रचलेला होता. मऊ, हवेशीर वस्तू ध्वनी शोषते, पण किती खालचा सूर शोषेल हे तिच्या जाडीवर अवलंबून असते. लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी जाडी असेल तर ती खूपच परिणामकारक ठरते. ७२ हर्ट्झची लाट सुमारे ४.९ मीटर लांब असते, तिचा चौथा हिस्सा १.२ मीटर, म्हणजे चार फूट. आपल्या गंजीची खोली जवळजवळ तेवढीच होती. शहरातले हौशी लोक ज्यासाठी बराच पैसा खर्च करतात, तो बेस शोषणारा गठ्ठा आपल्या घरात चार महिने नुसता पडून होता.

दुसरा प्रकार आपण पाठवलेल्या नकाशावरून मला दिसला. कापूस होता तेव्हा दिवाण त्याच्यापुढे, मागच्या भिंतीपासून साधारण पाच फुटांवर होता. कापूस गेल्यावर जागा मोकळी झाली आणि दिवाण भिंतीला टेकवला गेला. भिंतीजवळ खोलीचे हे सगळेच सूर सर्वांत मोठे ऐकू येतात. उलट ७२ हर्ट्झचा सूर मागच्या भिंतीपासून लांबीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे चार फुटांवर, जवळपास नाहीसा होतो, आणि ३६ हर्ट्झचा सूर बरोबर मधोमध आठ फुटांवर. खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकली की बेस जातो आणि कोपऱ्यातल्या दारात उभे राहिले की जड होतो, हा आपला अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. म्हणून पहिले काम असे: दिवाण पुन्हा भिंतीपासून पाच फुटांवर आणावा आणि दुसरे काहीही न बदलता तोच डग्गा ऐकावा. माझ्या अंदाजाने निम्मी तक्रार तिथेच संपेल.

त्यानंतर पेटीची जागा. आज ती कोपऱ्यात आहे. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो म्हणून लोक ती तिथे ठेवतात, पण कोपऱ्यातून खोलीचे सगळेच सूर जागे होतात. योग्य जागा शोधण्याची एक जुनी, खात्रीची रीत आहे. पेटी दिवाणावर, आपण जिथे बसतो तिथे ठेवावी. सावकाश वर-खाली जाणारा बेस असलेले एखादे गाणे, किंवा मोबाइलवर ३० ते ९० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावावा आणि आपण स्वतः गुडघ्यांवर बसून, पेटी ठेवता येईल अशा जागी कान खाली नेत भिंतीच्या कडेने फिरावे. ज्या जागी कोणताही एक सूर डोके वर काढत नाही आणि कोणताही बुडत नाही, ती पेटीची जागा. ध्वनीची वाट दोन्ही बाजूंनी सारखीच असल्यामुळे ही अदलाबदल चालते. आपल्या खोलीत ही जागा समोरच्या १२ फुटी भिंतीच्या मध्याजवळ कुठेतरी निघेल असे मला वाटते, कारण रुंदीच्या मध्यावर ठेवलेली पेटी ४८ हर्ट्झचा सूर जवळपास उठवतच नाही. पण माझ्या वाटण्यापेक्षा आपल्या कानावर विश्वास ठेवावा.

हा चढता सूर लावलेला असतानाच खोलीतली थरथर शोधून घ्यावी. फळीवरची स्टीलची भांडी, खिडकीची सैल काच, भिंतीवरच्या तसबिरी, कपाटाचे दार हे सगळे आपापल्या सुराला वाजतात आणि ऐकणाऱ्याला सबवूफर फाटल्यासारखा वाटतो. ज्यांच्या घरावर टिन आहे त्यांना तर प्रत्येक बोल्टखाली रबरी वॉशर घातल्याशिवाय बेस नीट ऐकताच येणार नाही. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या (कौलांच्या) जुन्या घरांत मी जितका स्वच्छ बेस ऐकला आहे, तितका नव्या स्लॅबच्या घरांत क्वचितच ऐकला. कवेलूच्या फटींतून खालचे सूर बाहेर निघून जातात, खोलीत साचत नाहीत. स्लॅब त्यांना कोंडून ठेवतो.

जागा ठरल्यावरच नॉबला हात लावावा. आधी क्रॉसओव्हर, म्हणजे कोणत्या सुरापासून खाली सबवूफर वाजेल ते ठरवणारा नॉब. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरना पूर्ण आवाज जातच राहणार आहे, म्हणून स्पीकर जिथे थकतात तिथूनच सबवूफरने काम उचलले पाहिजे. पाच इंची वूफरचे असे स्पीकर बहुधा ६० ते ७० हर्ट्झच्या आसपास उतरू लागतात, तेव्हा नॉब ६० जवळ ठेवून सुरुवात करावी. नॉबवरचे आकडे अंदाजाचेच असतात. चित्रपट पाहणाऱ्यांना ८० हर्ट्झ हा आकडा सांगितला जातो, आणि तो होम थिएटरचा रिसीव्हर जेव्हा लहान स्पीकरचा बेस स्वतः कापतो तेव्हा योग्यच आहे. आपल्याकडे तो कापला जात नाही. ८० ठेवला तर डग्ग्याचा टापू दोन्हीकडून वाजेल आणि पुन्हा फुगेल. आपण ऐकता ते अभंग, ख्याल आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने. या संगीतात ४० च्या खाली फारसे काहीच नसते. सगळा जीव या सांध्यातच असतो. दणक्याचे संगीत ऐकणाऱ्यापेक्षा आपल्यालाच हा सांधा जास्त काळजीने जुळवावा लागेल.

सांधा जुळतो तो फेजने, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे होण्याने; विजेच्या बोर्डातल्या फेजशी याचा संबंध नाही. मोबाइलवर ६३ हर्ट्झचा स्थिर सूर लावावा, आपण दिवाणावर बसावे आणि घरातल्या कोणाला तरी फेजचे बटण शून्यावरून १८० वर व परत असे करायला सांगावे. ज्या बाजूला सूर मोठा आणि भरीव लागतो, ती बाजू बरोबर. बटणाऐवजी फिरणारा नॉब असेल तर उलट रीत अधिक सोपी पडते: दोन्ही स्पीकरच्या तारा तात्पुरत्या उलट करून, म्हणजे लालच्या जागी काळी लावून, सूर सर्वांत बारीक होईल तिथे नॉब थांबवावा आणि मग तारा पूर्ववत कराव्यात. कानाला सर्वांत मोठा आवाज ओळखण्यापेक्षा सर्वांत लहान आवाज ओळखणे सोपे जाते. पेटी पुढे एक मीटर सरकवली तरी ६३ हर्ट्झला सुमारे ६५ अंशांचा फरक पडतो, तेव्हा जागा बदलली की हे पुन्हा करावे.

सर्वांत शेवटी लेव्हल. नॉब शून्यावर ठेवून आधी बातम्या वाचणाऱ्या पुरुषाचा आवाज लावावा आणि लेव्हल हळूहळू वाढवावी. निवेदक मडक्यात तोंड घालून बोलतो आहे असे वाटू लागले तर क्रॉसओव्हर जास्त वर आहे, तो खाली आणावा. नंतर तबल्याची साथ लावून डग्गा पूर्ण वाटेपर्यंत लेव्हल चढवावी आणि तिथून किंचित मागे यावे. ही जुळवणी आपण रोज ज्या आवाजात ऐकता त्याच आवाजात करावी, कारण आपला कान खालच्या सुरांना मुळातच मंद असतो आणि आवाज लहान केला की तो आणखी मंद होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. मोबाइलमधले आवाज मोजणारे अ‍ॅप दोन जागांची तुलना करायला ठीक आहे, पण त्याच्या माइकला खालचे सूर नीट ऐकू येत नाहीत, म्हणून त्याचे आकडे खरे मानू नयेत. अ‍ॅम्प्लिफायरचे 'लाउडनेस' आणि बेस बूस्ट तेवढ्यापुरते बंद असावेत. इक्वलायझर वापरायचाच असेल तर त्याने फुगवटा कापावा, खड्डा भरू नये. खोलीने खाल्लेला सूर कितीही वाढवला तरी खोली तो खातच राहते आणि सबवूफर मात्र तापतो.

एवढे करूनही थोडा घुमारा उरला, तर मागच्या दोन कोपऱ्यांत मऊ गठ्ठे उभे करावेत. जुन्या चार-पाच गाद्यांचा कापूस पिंजाऱ्याकडून मोकळा करून घेऊन बारदान्याच्या पोत्यांत सैल भरावा आणि पोती एकावर एक छतापर्यंत रचावीत. जाडी दोन फुटांपेक्षा कमी ठेवू नये. अंड्यांचे ट्रे, पातळ स्पंज किंवा भिंतीवरच्या सतरंजीने खालच्या सुरांवर काहीच परिणाम होत नाही. दाबून भरलेली पोतीही तेवढी काम करत नाहीत.

नॉबची ही उन्हाळी जागा पेटीवर नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवावी. पुढच्या कार्तिकात वेचा सुरू होऊन कापूस पुन्हा बैठकीत आला की बेस थोडा कमी वाटू लागेल; तेव्हा लेव्हल किंचित चढवून दुसऱ्या रंगाचा दुसरा ठिपका द्यावा. मात्र त्या चार महिन्यांत अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर, स्टॅबिलायझर आणि त्यांचा विजेचा बोर्ड यांपैकी काहीही कापसापासून सहा फुटांच्या आत राहणार नाही अशी मांडणी आताच ठरवावी, त्यांच्या तारा गंजीखालून नेऊ नयेत, आणि रात्री झोपण्यापूर्वी बोर्डाचे बटण बंद करावे.